अखंड सेवा

आमच्या होस्टिंग कंपनीचे जाहीर अभिनंदन! ऐन मे महिन्यात, हापूसची मागणी आणि गुहागरच्या घरगुती निवासांचे बुकिंग एकदम अंगावर आलेले असताना, तिने ईमेल बंद ठेवून आम्हाला व्याडेश्वराच्या दर्शनाला सवड दिली. ‘९९.९ टक्के चालू’ हे वचन तिने मुळीच मोडलेले नाही. उरलेल्या दशांश टक्क्याचे वर्षाला पावणेनऊ तास होतात. ते तिने काटकसरीने हंगामासाठी राखून ठेवले. (तास कंपनीच्या घड्याळाने मोजावेत.) तक्रारी फक्त ईमेलने स्वीकारल्या जातात. संकेतस्थळाच्या डॉट कॉम नावाची मुदत संपण्याच्या सुमारे महिनाभर आणि आठवडाभर आधी सूचना द्यावी, असा अशा नावांची व्यवस्था पाहणाऱ्या आयकॅन संस्थेचा दंडक, तोही पाळला. दोन्ही सूचना त्याच बंद पत्त्यावर वेळेत रवाना झाल्या. आंबे हवे असणाऱ्यांनी पोस्टकार्ड टाकावे. पिनकोड ४१५७०३.