आधी किलो सांगा

जपानच्या माझदा कंपनीची नवी एमएक्स-५, ती छोटी, उघड्या छताची मोटार, अजून पडद्याआड आहे, पण तिच्या चाहत्यांनी गुलाल उधळायला सुरुवात केली आहे. निमित्त एकच. पुढच्या पिढीत अडीच लिटरचं इंजिन बसणार, असं कंपनीच्या वरिष्ठ अभियंत्यांनी सांगून टाकलं. आजच्या गाडीत दीड किंवा दोन लिटरचं इंजिन मिळतं. म्हणजे आता ताकद दणकून वाढणार, असा हिशेब मांडून मंडळी मोकळी झाली.

हिशेब साफ चुकला आहे. अडीच लिटर ही भरपाई आहे.

पेट्रोल इंजिन पूर्ण जोरात पळवलं की आत प्रचंड उष्णता साठते. तेव्हा बहुतेक इंजिनं एक जुनी युक्ती वापरतात : गरजेपेक्षा जास्त पेट्रोल फवारायचं. हे जादा पेट्रोल पूर्ण जळत नाही, पण वाफ होताना उष्णता शोषून घेतं. झडपा वाचतात, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर वाचतो, ताकदही मिळते. फक्त मागच्या नळीतून कार्बन मोनॉक्साइड जास्त बाहेर पडतो. युरोप-अमेरिकेतले नवे प्रदूषण नियम ही पळवाट बंद करत आणताहेत. माझदाने नोव्हेंबर २०२४ मध्ये जाहीर केलेलं स्कायॲक्टिव्ह-झेड इंजिन त्या नियमांना दिलेलं उत्तर आहे. हळू चालवा की पिळून काढा, हवा आणि पेट्रोलचं प्रमाण नेमकंच ठेवायचं, वजनाने साधारण १४.७ ला १. थंडाव्यासाठी पेट्रोल उधळायची सोय गेली की तेवढ्याच आकाराच्या इंजिनाची ताकद घटते. ती तूट भरून काढायला आकार वाढवावा लागतो. अडीच लिटरच्या बातमीत एवढंच आहे, आणि अभियंत्यांचं कौतुक करायला ते पुरेसं आहे. पण ‘आता ही दुप्पट जोराने पळणार’ म्हणून नाचायचं कारण त्यात अजिबात नाही.

खरी बातमी दुसरीच आहे आणि ती बहुतेकांनी वाचून सोडून दिली. नवी गाडी एक टनाच्या आत आणि चार मीटरच्या आत ठेवायचा इरादा कंपनीच्याच लोकांनी बोलून दाखवला आहे. इंजिन मोठं, नियम कडक, आणि वजन हजार किलोंच्या खाली! हे जमलं तर आजच्या मोटार उद्योगातलं ते मोठं काम ठरेल. चर्चा व्हायची तर याची व्हावी.

ही गाडी १९८९ साली शिकागोच्या प्रदर्शनात पहिल्यांदा लोकांपुढे आली, तेव्हा जपानी बाजारातल्या साध्या प्रकाराचं वजन होतं ९४० किलो. इंजिन १.६ लिटर, ताकद १२० हॉर्सपॉवरच्या आत. शर्यत जिंकायला ती बनवलेलीच नव्हती. वळण घेताना काय होतंय हे चालवणाऱ्याला हातांतून आणि पाठीतून कळावं, यासाठी ती बनवली होती. पुढच्या पिढ्यांत वजन चढत गेलं, कारण एअरबॅग आल्या, मजबुती वाढली, सोयी वाढल्या. आणि मग २०१५ च्या चौथ्या पिढीत माझदाने उलटा प्रवास केला. शंभरावर किलो उतरवले. जपानमधला सर्वांत साधा प्रकार भरला ९९० किलो. पंचवीस वर्षांची सुरक्षा सामग्री अंगावर घेऊन पहिल्या पिढीपेक्षा जेमतेम पन्नास किलो जास्त.

हे कसं केलं, ते बघायचं तर या गाडीच्या चाकाशी उकिडवं बसा. नट मोजा. चार. तिसऱ्या पिढीत पाच होते. गाडी हलकी झाल्यावर चार पुरले. एक नट आणि एक बोल्ट गेला, तेही चारही चाकांवर. हब लहान झाला, चाक हलकं झालं. चाकाचं वजन स्प्रिंगच्या खालचं असतं. खड्ड्यावर चाक उसळतं तेव्हा ते आवरायचं काम शॉकॲब्सॉर्बरचं. चाक हलकं तर ते काम सोपं, मग सस्पेन्शन दगडासारखं कडक करावं लागत नाही. एका नटाच्या पोटात इतकं सगळं दडलेलं आहे. वजन उतरायला लागलं की ब्रेक लहान पुरतात, टायर अरुंद पुरतात, टाकी लहान पुरते, आणि त्यामुळे वजन आणखी उतरतं. चढायला लागलं तर हीच साखळी उलटी फिरते. जड गाडीला मोठे ब्रेक, मोठ्या ब्रेकना मोठी चाकं, मोठ्या चाकांना जाड दांडे, आणि हे सगळं ओढायला पुन्हा मोठं इंजिन.

आता इंजिनाच्या आत चला. २०१८ मध्ये दोन लिटरच्या इंजिनात सुधारणा झाली. प्रत्येक पिस्टन २७ ग्रॅमने हलका, प्रत्येक कनेक्टिंग रॉड ४१ ग्रॅमने हलका. चहाच्या चमच्यात मावतील अशा या बचती. पण पिस्टन मिनिटाला हजारो वेळा वर जाऊन थांबतो आणि उलटा फिरतो. त्याला थोपवणारं बल फेऱ्यांच्या वर्गाने वाढतं. फेऱ्यांची मर्यादा ६,८०० वरून ७,५०० वर नेली, म्हणजे फेऱ्या दहा टक्क्यांनी वाढल्या. बल मात्र जवळपास बावीस टक्क्यांनी वाढतं. ते सोसायला एकतर सगळे भाग जाड करायचे, नाहीतर हलणारं वजन कमी करायचं. त्यांनी दुसरा रस्ता धरला. ताकद १६० वरून १८४ हॉर्सपॉवरवर गेली, आणि चालवणाऱ्याला शेवटच्या हजार फेऱ्यांतली मजा मिळाली.

त्याहून मला आवडतं ते २०२१ चं काम. गाडी जोरात वळताना मागचा आतल्या बाजूचा ब्रेक अगदी हलकासा लावायचा. मागच्या सस्पेन्शनची रचनाच अशी की त्या ब्रेकमुळे गाडीचं अंग खाली ओढलं जातं आणि झोल कमी होतो. नवा भाग एकही नाही. वाढलेलं वजन शून्य.

म्हणून ऑक्टोबर २०२३ मध्ये तोक्योच्या प्रदर्शनात माझदाने आयकॉनिक एसपी नावाची लालभडक गाडी ठेवली आणि जगभरचे लोक ‘हीच पुढची एमएक्स-५’ म्हणून हरखले, तेव्हा मला धसका बसला होता. दिसायला देखणी, ताकद ३७० हॉर्सपॉवर. वजन? १,४५० किलो. बॅटरी, मोटर आणि वीज बनवायला रोटरी इंजिन. अभियांत्रिकी म्हणून ते जरूर करून बघावं, पण वेगळ्या नावाने. साडेचारशे किलोंचा भार वाढवून तीच गाडी म्हणवून घेता येत नाही.

हलकेपणाची ख्याती कशी घरंगळते, ते लोटस या ब्रिटिश मोटार कंपनीत बघा. १९९६ ची पहिली एलीस ७२५ किलोंच्या आसपास होती, आणि तिचा गोंदाने चिकटवलेला ॲल्युमिनियमचा सांगाडा फक्त ६८ किलोंचा. आज लोटसचा तोच बिल्ला अडीच टनांच्या आसपास वजन असलेल्या एलेट्रे नावाच्या विजेवरच्या एसयूव्हीवर आहे. भारतातही तीच आधी आली.

आणि आपल्याकडे? माझदा म्हटलं की अजून अनेकांना स्वराज माझदाची मिनीबसच आठवते. माझदाच्या मोटारी इथे विकल्या जात नाहीत. अमेरिकेत किंवा ब्रिटनमध्ये राहणारी मराठी मंडळी ही गाडी घेऊ शकतात, पुण्यातला शौकीन फक्त वाट बघतो. पण शोरूममध्ये दार धाडकन लावून ‘भरीव आहे’ म्हणणारे आपण हा मुद्दा समजून घेतला पाहिजे. जड म्हणजे मजबूत हा भ्रम आहे. मजबुती येते ती पोलादाचा दर्जा आणि धडकेचा जोर कुठून कुठे वळवायचा या आखणीतून. ही हलकी गाडी २०१५ मध्ये युरो एनकॅपच्या धडक चाचणीत पाचपैकी चार तारे घेऊन आली.

आता माझी काळजी. इंजिन वाढलं की नाक जड होतं, आणि या गाडीची सगळी गंमत पुढच्या-मागच्या चाकांवर भार निम्मा-निम्मा असण्यात आहे. त्यात नियमांपायी पुढेमागे हायब्रिड मोटर आणि बॅटरी जोडावी लागली, तर प्रत्येक किलोसाठी भांडावं लागेल. ते भांडण अभियंत्यांनी जिंकायचं असेल तर गिऱ्हाइकांनी त्यांच्या बाजूने उभं राहायला हवं. कापडी छत आजही बसल्या जागी एका हाताने उघडतं. त्याला मोटर मागू नका. दारापासून दारापर्यंत पसरलेला टचस्क्रीन मागू नका. एकोणीस इंची चाकं तर मुळीच मागू नका. कंपनीचं पहिलं अधिकृत पत्रक हातात येईल, तेव्हा हॉर्सपॉवरची ओळ ओलांडून खाली जा आणि बघा, सर्वांत साध्या, हाताने गिअर टाकायच्या प्रकाराचं वजन किती लिहिलंय. तिथे चार आकडी संख्या दिसली, तर तक्रारीचं पत्र माझदाच्या हिरोशिमातल्या मुख्यालयाला त्याच दिवशी जाऊ द्या.