पोचवाले भाऊ

कार्यकर्ता म्हटला की लोकांच्या डोळ्यांपुढे खादीचा झब्बा, शबनम आणि माईक येतो. भाऊंकडे यातलं काहीच नाही. अर्ध्या बाह्यांचा शर्ट, मोटारसायकलच्या डिकीत स्टॅम्पपॅड आणि पाकिटात दहा-दहा रुपयांची कोर्ट फी तिकिटं. घोषणा त्यांना जमत नाही. दिलीच तर तीही "विषय" आणि "संदर्भ" लावून सुरू होते, आणि "महोदय" येईस्तोवर मागची रांग चहाला गेलेली असते.

पण तहसील कचेरी मोर्चाला भीत नाही, भाऊंना भिते. मोर्चा वर्षातून एकदा येतो, निवेदन देतो, फोटो काढून जातो. भाऊ दर सोमवारी येतात. अर्जाची दुसरी प्रत आवक-जावकच्या टेबलावर सरकवतात आणि म्हणतात, "पोच द्या." शिक्का पुसट उठला तर पुन्हा मारायला लावतात. "साहेब मीटिंगला गेलेत," असं शिपाई एकदा म्हणाला, तर भाऊंनी तेही लेखी मागितलं.

काम पारध्यांच्या, वडारांच्या, कैकाड्यांच्या पालांवर. भांडण बहुतेकदा जातीच्या दाखल्याचं. अनुसूचित जमात असेल तर ६ सप्टेंबर १९५० आणि विमुक्त-भटके असतील तर २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीपासून राज्यात राहत होतो, हे दाखवावं लागतं. मग कारकुनासमोर असं चालतं:

"घरपट्टीची पावती?"

"पालाला घरपट्टी नसते, साहेब."

"लाइटबिल?"

"लाइट नाही."

"मग ही माणसं राहायची कुठं?"

भाऊ याच प्रश्नाची वाट बघत बसलेले असतात. खुर्ची पुढे ओढून ते थेट १८७१ ला जातात. इंग्रजांनी गुन्हेगार जमाती कायदा केला, जन्माला आलेलं पोर गुन्हेगार ठरवलं, सोलापुरात तारेच्या कुंपणाआड वसाहत उभी केली, हजेऱ्या घेतल्या. "ज्याच्या आज्याची सरकारनं रोज हजेरी घेतली, त्यालाच सरकार विचारतंय, तुम्ही होता कुठं!" कारकून गप्प होतो. मग सावरून म्हणतो, "ते हजेरीचं रजिस्टर आणा." यावर दुसरा कुणी टेबलावर हात आपटेल. भाऊ तिथेच रजिस्टर मागणारा अर्ज लिहायला घेतात. त्याचीही पोच.

खरं सांगायचं तर माणूस कंटाळवाणा आहे. विमुक्त दिनाचंच घ्या. तो गुन्हेगार जमाती कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला गेला, म्हणून त्या दिवशी विमुक्त दिन असतो. एका वर्षी कुणीतरी त्यांना भाषणाला उभं केलं. लोक टाळ्यांच्या तयारीत होते आणि भाऊ विचारत होते, रेशन कार्डाची झेरॉक्स कुणी कुणी आणलीय. पालावरची म्हातारी त्यांची मोटारसायकल ऐकली की भाकरी टाकायच्या आधी अंगठा पदराला पुसून ठेवते. आता तो निळा होणार हे तिला ठाऊक असतं. घरी मुलीनं रीतसर अर्ज दिला, "विषय : शाळेच्या सहलीस परवानगी मिळणेबाबत." भाऊंनी तो वाचला आणि शेरा मारला, "दिनांक नाही. त्रुटी पूर्ण करून सादर करावा." अर्ज परत करणाऱ्या कारकुनांवर आयुष्यभर तापलेला हा माणूस! मुलीनं तारीख घातली आणि वर पोचही मागितली.

त्यांचं खरं रूप बघायचं तर रात्री, पोलीस ठाण्यात. तालुक्यात कुठंही घर फुटलं की पहिली गाडी पालावर जाते. पोरं उचलली जातात, आणि मागोमाग भाऊ बाकड्यावर येऊन बसतात. आवाज चढवत नाहीत. अटक पंचनामा झाला का, नातेवाइकांना कळवलं का, चोवीस तासांत कोर्टापुढे नेणार का, एवढंच विचारतात. अटकेचे नियम घालून देणाऱ्या डी. के. बसू निकालाचं नाव असं घेतात, जणू बसू बाहेर मोटारसायकलपाशीच उभे आहेत. हवालदारानं चहा पुढे केला तर म्हणतात, "आधी मी इथं आल्याची नोंद डायरीत घ्या."

परवा पहाटे नोंद झाली, पोरंही सुटली. हवालदार फाटकापर्यंत सोडायला आला आणि हळूच म्हणाला, "भाऊ, आमच्या साडूच्या पोराचं जात पडताळणीचं वर्षभर अडलंय. तिथं कुणी ऐकत नाही हो."

भाऊंनी सीटवर कोरा कागद ठेवला. "अर्ज दिला तेव्हा पोच घेतली होती?"

"नाही."

"मग आता ओरडा खा," भाऊ म्हणाले आणि पाकिटातून दहाचं तिकीट काढलं. "याचे पैसे आत्ताच द्या."