वीस एक

डी.एल.एड.च्या दुसऱ्या वर्षाला आंतरवासिता असते. म्हणजे शाळेत जायचं, शेवटच्या बाकावर गुडघे हनुवटीला टेकवून बसायचं आणि बाई कशा शिकवतात ते निरीक्षण वहीत उतरवायचं. २०१९च्या जूनमध्ये मी घाटकोपरच्या एका शाळेत, दुसरीच्या वर्गात अशी बसले. बाक सात वर्षांच्या मापाचा. त्यामुळे पहिल्या तासाला मी निरीक्षण केलं ते पायाला आलेल्या मुंग्यांचं.

वहीत रकाने होते. सज्जता प्रवर्तन, प्रश्न कौशल्य, प्रबलन, चेतक बदल. यातलं शेवटचं नाव वाचलं की मला अजूनही वाटतं, राणा प्रतापांनी घोडा बदलला किंवा बाबांनी स्कूटर. खरा अर्थ एवढाच, की मुलं कंटाळायच्या आत शिक्षकाने आवाज, जागा, हातवारे, काहीतरी बदलावं. घाटकोपरात ही सोय विमानतळाने परस्पर केलेली आहे. उतरणारी विमानं डोक्यावरून इतकी खालून जातात की पोटाखालची चाकं दिसतात. विमान आलं की अर्धा वर्ग खिडकीत.

मी असते तर "बसा रे, बसा" करून घसा बसवून घेतला असता. बाई वाक्य अर्ध्यात सोडायच्या, खडू फळ्याला टेकलेला तसाच, आणि दुसऱ्या हाताची तीन बोटं वर करायच्या. म्हणजे तिनाचा पाढा, मनातल्या मनात. विमान गेलं की बाईंचं बोट ज्याच्यावर, त्याने आपण कुठवर पोचलो ते सांगायचं. "एकवीस!" "टीचर, मी सत्तावीस!" मग बाई टाकलेलं वाक्य जिथल्या तिथे उचलायच्या, जणू मधे स्वल्पविराम होता. मी रकान्यात लिहिलं: चेतक बदल – विमान.

त्याच महिन्यात बालभारतीचं दुसरीचं नवं गणित आलं आणि महाराष्ट्रात एकाएकी सगळ्यांनाच गणित यायला लागलं. एकवीसच्या जोडीला 'वीस एक', बासष्टच्या जोडीला 'साठ दोन' असं वाचन त्यात होतं. जोडाक्षरं आणि उलटा क्रम मुलांना जड जातो, म्हणून हा जादा पर्याय आहे, असं गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर समजावून सांगत होत्या. पण ऐकतंय कोण? विधानसभेत मुख्यमंत्र्यांच्या आडनावातल्या 'वीस'चीसुद्धा फोड झाली. आणि या धुमश्चक्रीत माझा पहिला सराव पाठ, विषय: संख्यावाचन.

रात्री जागून पाठ टाचण काढलं. प्रस्तावना, हेतुकथन, विषयविवेचन वगैरे. या पायऱ्यांचं मूळ हर्बार्ट नावाच्या जर्मन पंडितापर्यंत जातं. तो १८४१ साली वारला, पायऱ्या मात्र आम्ही अजून चढतोय. गंमत अशी, की जर्मनही पंचविसाला 'पाच आणि वीस' असंच म्हणतात. म्हणजे टाचण हर्बार्टचं आणि त्यातला आशय त्याच्याच मातृभाषेविरुद्ध!

पाठ छान चालला होता. कार्डशीटचा तक्ता, आइस्क्रीमच्या काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे. घरी कानडी बोलणारी एक दोन वेण्यांवाली तर खुलली होती, कारण तिच्या आईच्या मोजणीतही वीस आधी आणि पाच नंतर. तेवढ्यात तिसऱ्या बाकावरून हात वर आला.

"टीचर, माझ्या पप्पांची आठ एकोणसाठ आहे. मग आठ पन्नास नऊ म्हणायचं का?"

वर्ग हसला. मी तक्त्याकडे पाहिलं. तक्त्यात गाडीची सोय नव्हती.

बाई मागून उठल्या. नव्या-जुन्याचा निवाडा त्यांनी केलाच नाही. फळ्यावर ८:५९ लिहिलं आणि विचारलं, "पप्पांची गाडी चुकली, तर थोड्या वेळाने घड्याळात किती वाजतात?"

"नऊ!"

"किती मिनिटांनी?"

"एक!"

"साठ मिनिटं झाली की तास पुरा. यात साठाला किती कमी?"

"एक!"

"म्हणून एकोणसाठ. साठाला एक उणा."

मी वीस वर्षांची होते, बारावीला गणितात बरे मार्क होते, आणि एकोणसाठमध्ये साठ का येतात हे मला त्या दिवशी नीट कळलं. मुलं तोवर पुढे गेली होती. कुणाची काकू सात एकोणतीसला, कुणाची ताई नऊ एकोणचाळीसला. एकाची आजी कुठेच जात नव्हती, तिलाही त्याने आठ एकोणपन्नासला बसवून दिलं. फळाभर उपनगरी वेळापत्रक झालं. नव्व्याण्णव या चालीत का बसत नाही, असं कुणी विचारलं नाही, म्हणून मी वाचले.

महिनाअखेरीला वही मार्गदर्शक सरांकडे गेली. विमानाच्या रकान्यावर सरांनी नुसतं प्रश्नचिन्ह काढलं. पण पटाच्या रकान्यात त्या पाठाच्या दिवशीची हजेरी मी मोठ्या हौसेने नव्या पद्धतीने, अक्षरी लिहिली होती: वीस एक.

शेजारी लाल शाईत शेरा आला: "अंदाजे नको. मोजून लिहा."