तक्रारी : निरंक

वार्षिक अहवालात ‘प्राप्त तक्रारी’पुढे ‘निरंक’ लिहिता आलं की आपल्या विद्यापीठांचा ऊर भरून येतो. रॅगिंगबंदीचा राज्याचा कायदा 1999 चा, लैंगिक छळाविरुद्धचा केंद्राचा 2013 चा. त्यांखालच्या तक्रार समित्या कागदावर चोख. फलक मात्र जिन्याखाली, झेरॉक्सवाल्याच्या आडोशाला. त्यावरचा नंबर मागच्या अध्यक्षबाईंचा, आणि त्या केव्हाच निवृत्त होऊन नातवंडांत रमलेल्या. एखादी मुलगी चिकाटीने पोचलीच, तर आधी चहा, मग ‘बेटा, करिअरचा विचार कर’. तरी ऐकेना, तर तक्रार सहा प्रतींत आणा. नियमच आहे तसा. अर्ज आवक-जावकात चढेपर्यंत परीक्षा येते.

अमेरिकेत 1986 साली लीहाय विद्यापीठाच्या वसतिगृहात जीन क्लेरी या विद्यार्थिनीचा खून झाला. त्यातून 1990 साली तिथे कायदा झाला. त्यानुसार आता तिथली विद्यापीठं दरवर्षी 1 ऑक्टोबरपर्यंत आवारातल्या गुन्ह्यांचे आकडे स्वतःच जाहीर करतात. काय हा बावळटपणा! लपवाछपवी तिथेही होते म्हणा, पण पकडले गेले तर दंड भरावा लागतो.

तेव्हा पालकहो, प्रवेशाआधी वसतिगृहाची खोली, मेसचं जेवण बघता, तसा समितीचा नंबरही एकदा लावून बघा.