सुरूरचं भूत

फोन लक्ष लागू देत नाही म्हणून मी ई-इंकची पाटी घेतली. कागदासारखी, भर उन्हात वाचता येणारी. तिच्यावर लिहिण्यापलीकडे काही करायचं नाही, असा पण केला. पण नुसत्या पेनाने माझं सदर वेळेत लिहून होईना, तेव्हा कीबोर्ड आला. (अक्षर दाबल्यापासून उमटेपर्यंत मत बदलायला भरपूर वेळ मिळतो. वाचकांना माझा समतोल वाटतो तो हाच.) मग एवढ्या मोठ्या पडद्यावर नकाशा काय सुरेख दिसेल, असं मनात आलं. वैराग्य असंच हप्त्याहप्त्याने महागतं.

पाटीत जीपीएसची चिप नव्हती. म्हणजे ज्याला सोडलं त्या फोनलाच खिशात घेणं आलं. 20,200 किलोमीटरवरच्या किमान 4 उपग्रहांचं ऐकून जागा त्याने ठरवायची आणि ब्लूटूथवरून पाटीच्या कानात सांगायची. त्यासाठी पाटीच्या सेटिंगमध्ये बिल्ड नंबरवर 7 टिचक्या माराव्या लागतात. ही सप्तपदी झाली की आपण 'डेव्हलपर'. मग 'मॉक लोकेशन' सुरू करायचं. खरी जागा कळायला आधी खोट्या जागेला परवानगी.

पुण्याहून वाईला निघालो. पाटी बायकोच्या मांडीवर, कीबोर्डसकट. खंबाटकी उतरलो.

"अहो, बाण दोन दिसतायत."

"काळा धर."

"एक काळा, एक करडा. काळा आत्ता करडा झाला."

करडा म्हणजे मागच्या वळणाचं भूत. पडद्यातल्या बारीक कुप्यांमध्ये काळे-पांढरे कण असतात, विजेच्या इशाऱ्यावर वर-खाली होणारे. काही आळशी तिथेच रेंगाळतात. त्यांना हुसकायला पाटी मधूनच सगळी काळी होते, मग पांढरी. नेमके वाईकडे वळायच्या सुरूर फाट्यावर तिने डोळे मिटले. नकाशा परत उमटला तेव्हा भुईंज आलं होतं.

तिथल्या टपरीवाल्याने चहा ठेवून पाटी उलटसुलट पाहिली. "काका, याच्यावर लिहिता येतं का?"

वहीचं पान उघडून दिलं. त्याने पेनाने दोन रेघा ओढल्या. पाचवड, उजवीकडे, वाई. पुढे फोनची बॅटरी संपली, बाण दोन्ही गेले, पान मात्र वाईपर्यंत जसंच्या तसं.

मेणवलीच्या घाटावर बसल्यावर बायकोने विचारलं, "दोनशे पानी वही हल्ली केवढ्याला येते हो?"