वसंताआधी अंगठी

अमेरिकेतल्या कॉलेजात पोरापोरींचं जमतं कसं, याविषयीचं आपलं बहुतेक ज्ञान हॉलिवूडकडून उसनं घेतलेलं आहे. लाल कप, कर्कश संगीत आणि सकाळी उठल्यावर एकमेकांची नावं विचारणं. पण त्याच देशात अशीही कॉलेजं आहेत, जिथे पोराला लग्नाचं विचारायचं असलं तर तो आधी देवाला विचारतो, मग रूममेटला, मग पोरीच्या वडलांना, आणि सगळं जमत आलं की मग पोरीला. आपल्याकडच्या वधू-वर सूचक मंडळाच्या चिटणीसबाईंना ही पद्धत कळली तर त्या मनापासून खूश होतील. फक्त पत्रिकेचा रकाना रिकामा का, एवढंच विचारतील.

ही इव्हॅन्जेलिकल पंथीयांची ख्रिस्ती कॉलेजं. शिकागोच्या पश्चिमेला चाळीसेक किलोमीटरवर व्हीटन कॉलेज आहे, १८६० साली निघालेलं. खुद्द शिकागोत मूडी बायबल इन्स्टिट्यूट आहे. तिला तिथले विद्यार्थीच ‘मूडी ब्रायडल इन्स्टिट्यूट’ म्हणतात. शेवटच्या वर्षी वसंत ऋतू येईपर्यंत मुलीच्या बोटात अंगठी आली पाहिजे, असा या कॉलेजांमधला अलिखित दंडक. ‘रिंग बाय स्प्रिंग’ असं त्याला रीतसर यमकही आहे. बाकीच्या अमेरिकेत पहिल्या लग्नाचं मधलं वय पुरुषांच्या बाबतीत तिशीला आणि बायकांच्या बाबतीत अठ्ठाविशीला पोचलंय. इथे बाविसाव्या वर्षी बोट मोकळं असेल, तर चर्चमधल्या मावश्या दंडावर हात ठेवून ‘आम्ही तुझ्यासाठी प्रार्थना करतोय हं’ म्हणायला लागतात.

या जगातला आपला नायक एकोणीस-वीस वर्षांचा. वडील पाळक असतात. नसले तर मामा तरी असतोच. त्याच्याकडे गिटार असते आणि चार कॉर्ड येत असतात, कारण चर्चमधली सध्याची निम्मी गाणी तेवढ्यात भागतात. त्याच्या बायबलमध्ये पाच रंगांच्या हायलायटरने इतकं काम झालेलं असतं, की न रंगवलेली ओळच उठून दिसते. प्रेषित पौलाच्या पत्रांवर हा मुलगा वीस मिनिटं न अडखळता बोलेल. मेसमध्ये समोरच्या मुलीकडे मीठ मागायची वेळ आली, की मात्र अळणी खाऊन उठेल.

नायिका त्याच्यापेक्षा हुशार असते. हे दोघांनाही ठाऊक असतं, आणि दोघांपैकी एकालाच त्याचं काही वाटत नाही. तिला केनियात किंवा पेरूमध्ये शाळा काढायची असते. बायबलमधल्या नीतिसूत्रांच्या एकतिसाव्या अध्यायातली सद्गुणी स्त्री तिला लहानपणापासून ऐकवलेली असते. ती उजाडायच्या आत उठते, लोकर कातते, शेत विकत घेते, रात्री तिचा दिवा विझत नाही. ही बाई झोपते कधी, हा प्रश्न आपल्या नायिकेला बाराव्या वर्षीच पडलेला असतो. संडे स्कूलच्या बाईंना तिने तो विचारलेलाही असतो.

दोघं एकमेकांना पहिल्यांदा दिसतात ते चॅपेलमध्ये, म्हणजे कॉलेजच्या प्रार्थनासभेत. व्हीटनमध्ये सोमवारी, बुधवारी आणि शुक्रवारी चॅपेलला जावंच लागतं. इतक्या नियमाने सगळं कॉलेज एका छताखाली बसवल्यावर कोण कोणाच्या मागच्या रांगेत बसलंय, याची नोंद आपोआप होत राहते. पण तिथे नुसतं दिसणं. खरी ओळख होते बायबल अभ्यासाच्या गटात.

तो प्रकार असा. आठ-दहा जण गालिच्यावर गोल बसतात. अभ्यास संपला की प्रत्येकजण प्रार्थनेचा विषय सांगतो. कुणाची परीक्षा, कुणाच्या भावाची नोकरी. ती सांगते, आजीच्या खुब्याचं ऑपरेशन आहे. खुबा हा अवयव शरीरात नक्की कुठे असतो याचा आपल्या नायकाने त्या क्षणापर्यंत विचार केलेला नसतो. आता तो डोळे मिटून, आवाज जरा खाली आणून त्या खुब्यासाठी प्रार्थना करायला लागतो. सर्जनच्या हातांसाठी करतो, भूल देणाऱ्यासाठी करतो, फिजिओथेरपीसाठीही करतो. गटातला एकजण एक डोळा उघडून घड्याळ बघतो. देवाशी बोलताना बाजूला कोण ऐकतंय याचं भान सुटलं पाहिजे, असं धर्मशास्त्र सांगतं. त्या वयात ते कुणाचं सुटतं? पुढच्या आठवड्यात तो दारातच तिला विचारतो, ‘आजी कशा आहेत?’ झालं. तिच्या मैत्रिणींनी त्या रात्रीच नोंद घेतलेली असते.

यानंतर कॉफी. इतरत्र कॉफी म्हणजे कॉफी. इथे एका मुलाने एकाच मुलीबरोबर, बाकीचा गट न घेता, दोन कप घेऊन बसणं म्हणजे निम्मा साखरपुडा. म्हणून हुशार मुलं चौघांना घेऊन जातात आणि उरलेल्या दोघांना वाटेत काहीतरी काम निघतं.

या नायकांच्या जातीचा मूळपुरुष सांगायचा तर तो बिली ग्रॅहम. पुढे जगभर स्टेडियमं भरवणारा हा धर्मोपदेशक १९४० साली व्हीटनमध्ये दाखल झाला, तेव्हा नॉर्थ कॅरोलायनातल्या डेअरी फार्मवरून आलेला एक लुकडा, उंच पोरगा होता. आधीच्या बायबल कॉलेजात एका मुलीशी ठरलेलं लग्न मोडलं होतं. तिने दुसऱ्याला पसंत केलं होतं. खर्चासाठी तो एका मित्राच्या ट्रकवर लोकांचं सामान हलवायचा, आणि त्या मित्रानेच त्याची रूथ बेलशी गाठ घालून दिली. रूथ चीनमध्ये मिशनरी डॉक्टरच्या घरी जन्मलेली. लग्न न करता तिबेटात जाऊन काम करायचं, असं तिचं ठरलेलं होतं.

बिलीने तिला पहिल्यांदा बाहेर नेलं ते हँडेलच्या ‘मेसाया’ला. पहिल्या भेटीला अडीच-तीन तासांचं धार्मिक संगीत! यात एक सोय होती: बोलावं लागत नव्हतं. त्यानंतर बरेच दिवस महाशय गप्प. तिने मात्र त्याच रात्री खोलीवर जाऊन देवाला सांगून टाकलं होतं, की या माणसाबरोबर तुझी सेवा करता आली तर याहून मोठं भाग्य नाही. पुढे तिबेटचा प्रश्न आला. बिलीने तिला विचारलं, आपल्याला देवानेच एकत्र आणलंय असं तुला वाटतं ना? ती हो म्हणाली. मग देव मला वाट दाखवेल आणि तू माझ्यामागून ये, असा याचा निष्कर्ष. तर्कशास्त्राच्या परीक्षेत या उत्तराला किती गुण मिळाले असते कोण जाणे, पण तिबेट मागे पडलं आणि १३ ऑगस्ट १९४३ला दोघांचं लग्न झालं. एका बाबतीत मात्र रूथ हलली नाही. जगातल्या सगळ्यात प्रसिद्ध बॅप्टिस्ट माणसाची बायको आयुष्यभर प्रेस्बिटेरियन राहिली; पुन्हा बाप्तिस्मा घ्यायला तिने साफ नकार दिला. (१९५६च्या जानेवारीत बिली मुंबईत आला तेव्हा भाषावार प्रांतरचनेवरून शहर पेटलेलं होतं, आणि त्याची सभा रद्द करावी लागली. तिबेट मागे टाकायला लावणाऱ्याचं मुंबईपुढे काही चाललं नाही.)

‘देवाची इच्छा’ या शब्दांना या कॉलेजांमध्ये किती वजन आहे, ते पाहायचं तर व्हीटनचीच दुसरी जोडी घ्यावी. जिम एलियट आणि एलिझाबेथ हॉवर्ड. जिम तिच्या भावाचा रूममेट. दोघं ग्रीकच्या वर्गात एकत्र. १९४८ साली जिमने प्रेम कबूल केलं आणि त्याच दमात सांगितलं, की देवाने आपल्याला एकटं राहायला सांगितलंय की काय, याचा अजून उलगडा झालेला नाही. एका संध्याकाळी दोघं फिरत फिरत चक्क कबरस्तानात जाऊन बसली. चंद्र वर आला आणि दगडी क्रुसाची सावली बरोबर दोघांच्या मधे पडली. हे त्यांनी खूण म्हणून घेतलं. आपल्यासारखा माणूस दोन फूट सरकून बसला असता. लग्न झालं १९५३ साली, दोघं मिशनरी म्हणून गेले होते त्या इक्वेडोरमधल्या किटो शहरात. सव्वादोन वर्षांनी, १९५६च्या जानेवारीत, तिथल्या जंगलात वाओरानी लोकांनी जिमला आणि त्याच्या चार सोबत्यांना मारलं. एलिझाबेथ लहानग्या मुलीला घेऊन पुढे त्याच वाओरानींमध्ये राहायला गेली. त्या प्रेमाची हकीकत तिने १९८४च्या ‘पॅशन अँड प्युरिटी’ या पुस्तकात लिहिली, आणि तेव्हापासून क्रुसाची सावली न पडलेल्या कित्येक जोड्यांना आपल्या प्रेमात काहीतरी कमी आहे असं वाटू लागलं.

आता नियम. व्हीटनमध्ये विद्यार्थ्यांचा पहिला खराखुरा नाच व्हायला २००३चा नोव्हेंबर उजाडावा लागला. फ्लोरिडातल्या पेन्साकोला ख्रिश्चन कॉलेजात मुलांचे जिने वेगळे असायचे, मुलींचे वेगळे. साउथ कॅरोलायनातल्या बॉब जोन्स विद्यापीठात ‘डेटिंग पार्लर’ होतं: सोफ्यांनी भरलेला दिवाणखाना, सोफ्यांवर जोड्या आणि सगळ्यांवर देखरेख करणारी एक वडीलधारी व्यक्ती. अनेक वसतिगृहांत ठरावीक तासांपुरतंच एकमेकांच्या खोलीवर जाता येतं. दार उघडं, दिवा चालू आणि पाय जमिनीवर. मिठी मारायची तर खांद्याला खांदा लावून, बाजूने. जवळजवळ बसलेल्यांना मित्र ओरडून सांगतात, ‘मधे पवित्र आत्म्याला जागा ठेवा!’

बॉब जोन्सच्या एका नियमावर मात्र विनोद करता येत नाही. तिथे गोऱ्या आणि काळ्या विद्यार्थ्यांनी एकमेकांबरोबर फिरायला जायला बंदी होती. त्यापायी १९८३ साली सुप्रीम कोर्टात विद्यापीठाला करसवलत गमवावी लागली, तरी बंदी उठली नाही. ती उठली २००० साली, आणि तेही सगळ्या देशाने तोंडात शेण घातल्यावर, टीव्हीवर मुलाखत देताना. देवाच्या इच्छेच्या नावाखाली माणसं आपापले द्वेषही खपवत आली आहेत, ख्रिस्ती असोत की आणखी कुणी.

१९९७ साली या मुलांवर नवंच संकट कोसळलं. जोशुआ हॅरिस नावाच्या, विशी नुकतीच ओलांडलेल्या तरुणाचं ‘आय किस्ड डेटिंग गुडबाय’ हे पुस्तक आलं. डेटिंग सोडा, लग्नाचा विचार असेल तेव्हाच आईवडलांना विचारून कोर्टशिप करा, असा त्याचा उपदेश. पुस्तक दहा लाखांवर खपलं. वाढदिवसाला आईने दिलं, नाताळला मावशीने दिलं, शाळा संपताना युवक संघाच्या पुढाऱ्याने दिलं. त्या काळातल्या नायकाला मुलीला कॉफी विचारणं म्हणजे मागणी घालणं वाटू लागलं, मग कॉफीच बंद. २०१८ साली हॅरिसने स्वतःच माफी मागून पुस्तक छापणं थांबवायला लावलं. तोवर त्याचे मूळ वाचक चाळिशीला आले होते.

यातून तगून निघालेल्या जोडीची एके दिवशी ‘डीटीआर’ होते, म्हणजे आपलं नातं नक्की काय ते ठरवायची बैठक. तो म्हणतो, ‘मी बरेच दिवस याबद्दल प्रार्थना करतोय.’ ती म्हणते, ‘मीही करते.’ नंतर दोन आठवडे शांतता. नकार आलाच तर तो असा येतो: ‘सध्या देवाने मला फक्त त्याच्याकडे लक्ष द्यायला सांगितलंय.’ यावर अपील नाही. महिन्याभराने ती दुसऱ्याच गिटारवाल्याबरोबर दिसते, तेव्हा देवाने सूचना बदलल्या असं समजून घ्यायचं.

होकार आला, की फोन तिच्या वडलांना. नायक हा फोन वसतिगृहाच्या पार्किंगमध्ये, येरझाऱ्या घालत करतो. रूममेट खिडकीतून बघत असतो. ‘सर, मला आपल्याशी एक बोलायचं होतं...’ पलीकडे वडील मुद्दाम थोडा वेळ गप्प राहतात; त्यांच्या सासऱ्यांनी त्यांना तसंच रखडवलेलं असतं. मग ते नोकरीचं विचारतात. याचा पाळक व्हायला सेमिनरीत जायचा बेत असल्यामुळे पुढची तीन वर्षं मुलगीच नोकरी करून फी भरणार आहे, हे तो फार आध्यात्मिक शब्दांत सांगतो.

अंगठी दिल्यावर व्हीटनच्या जोड्या ब्लँचर्ड हॉलच्या दगडी मनोऱ्यात चढतात आणि तिथली घंटा वाजवतात. सात-सात ठोके, तीनदा, एकूण एकवीस. लायब्ररीतली मुलं पुस्तकातून मान वर न करता मोजतात. ज्यांची अंगठी अजून आलेली नसते, त्यांची मोजणी कधी चुकत नाही.

मग लग्नाआधीचं समुपदेशन सुरू होतं. पाळक एक छापील प्रश्नावली देतात: पैसे कोण सांभाळणार, नाताळ कुणाच्या घरी, मुलं किती. पहिली तीन पानं दोघं एकमेकांकडे बघून हसत भरतात. चौथ्या पानावर मुलांच्या बाप्तिस्म्याचा प्रश्न असतो. तो बॅप्टिस्ट, ती प्रेस्बिटेरियन. मूल मोठं होऊन स्वतः निर्णय घेईल तेव्हाच त्याला पाण्यात पूर्ण बुडवून बाप्तिस्मा द्यायचा, असं तो म्हणतो. तान्हं असतानाच डोक्यावर पाणी घालायचं, असं ती म्हणते. तो पौलाचं एक वचन काढतो, ती त्याच अध्यायातलं पुढचं काढते. सहा महिन्यांत पहिल्यांदाच आवाज चढतात, आणि तेही अजून जन्माला न आलेल्या, नावसुद्धा न ठरलेल्या पोरापायी. पाळक घड्याळाकडे बघतात आणि हा प्रश्न पुढच्या मंगळवारवर टाकतात.