दरपत्रकार्थी: बीड ते बीड, मार्गे परळी

बीड जिल्ह्यात ‘लाईट गेली’ या विधानानंतर विचारला जाणारा पहिला प्रश्न ‘कधी येणार’ हा नसतो, तर ‘आपलीच गेली की सगळ्यांची’ हा असतो, आणि पुढील सर्व कार्यवाही त्याच्या उत्तरावर अवलंबून असते: आपलीच गेली असल्यास मीटरजवळचा फ्यूज पाहायचा, गल्लीची गेली असल्यास डीपी, म्हणजे रोहित्र, जळाल्याची वार्ता काढायची, आणि सगळ्या गावाची गेली असल्यास निश्चिंत मनाने अंगणात खाट टाकायची. भारनियमनाच्या ऐन काळात महावितरणने फीडरची, म्हणजे उपकेंद्रातून निघणाऱ्या वीजवाहिन्यांची, वीजगळती आणि बिलवसुली यांवरून ए, बी, सी, डी अशी प्रतवारी लावली होती, तेव्हा शाळेत कधीही नापास न झालेली अनेक घरे केवळ शेजाऱ्यांच्या आकड्यांमुळे शेवटच्या तुकडीत जाऊन बसली. त्या काळाने जिल्ह्याला इन्व्हर्टर दिला. मंगल कार्यालये, दवाखाने आणि सराफांची दुकाने यांना डिझेलचा जनरेटर दिला. परंतु घराच्या परसात गॅसवर चालणारा आणि वीज जाताच आपणहून सुरू होणारा जनरेटर ही कल्पना मात्र या मातीतून उगवलेली नाही.

ती टेक्सासातून आली. फेब्रुवारी २०२१ मधील हिमवादळात त्या राज्यातील लाखो घरांची वीज गेली, आणि ज्यांच्या परसात प्रोपेनची टाकी होती त्यांच्या घरातील दिवे पाहून त्या राज्यात नोकरीला असलेल्या मराठी मुलांना आपापले आईवडील आठवले. अमेरिकेतील पद्धत अशी की गॅस पुरवणारी कंपनी परसात सुमारे १,९०० लिटरची टाकी बसवते, द्रव प्रसरण पावतो म्हणून ती ८० टक्केच भरते, आणि ग्राहक दोनतीन कंपन्यांकडून कोटेशन, म्हणजे लेखी दरपत्रक, मागवून टाकी विकत घ्यायची की भाड्याने, याचा हिशेब करतो. अशाच एका चिरंजीवाने बीडमध्ये राहणाऱ्या आपल्या वडिलांच्या, म्हणजे जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या गुरुजींच्या, घरासाठी जनरेटर पसंत केला आणि तो बसवणाऱ्या स्थानिक ठेकेदाराला फोनवर बजावले की, गॅसची तीन कोटेशने घेतल्याशिवाय कामाला हात लावायचा नाही. या ठेकेदारास प्रस्तुत वृत्तान्तात ‘दरपत्रकार्थी’ असे म्हटले आहे, कारण तीर्थार्थी आणि विद्यार्थी यांच्याप्रमाणे त्यालाही वाटेत मिळेल तिथे जेवून पुढे जावे लागले.

प्रवासाच्या मुळाशीच एक अडचण होती. भारतात किरकोळीने मिळणारा एलपीजी म्हणजे प्रोपेन आणि ब्यूटेन या दोन वायूंचे मिश्रण असते, आणि निव्वळ प्रोपेन घरगुती ग्राहकाला गॅस एजन्सीत मिळत नाही. प्रोपेन उणे ४२ अंश सेल्सिअसला उकळतो, तर ब्यूटेन शून्याच्या जेमतेम खाली. त्यामुळे हिमात गाडलेल्या टाकीतून ब्यूटेन बाहेर पडण्यास नकार देतो आणि थंड मुलुखातील लोक प्रोपेनचाच आग्रह धरतात. बीडची थंडी कितीही बोचरी असली तरी ब्यूटेनला अडवण्याइतकी तिची पोहोच नाही, आणि एप्रिलमध्ये पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा उकळण्याचा प्रश्न वायूपेक्षा माणसांच्या बाबतीत अधिक निकडीचा होतो. दुसरी अडचण याहून गंभीर होती. इंडेन, भारतगॅस आणि एचपी गॅस या तिन्ही नावांमागे सार्वजनिक क्षेत्रातील तेल कंपन्या आहेत, त्यांच्या १९ किलोच्या व्यावसायिक सिलिंडरचे दर साधारणपणे दर महिन्याच्या एक तारखेला बदलतात आणि एकाच गावात ते बहुधा सारखेच असतात. तेव्हा तीन ठिकाणचे भाव तुलनेसाठी आणणे म्हणजे एकाच विहिरीचे पाणी तीन घागरींतून आणून चव घेण्यासारखे होते. दरपत्रकार्थीने हे फोनवर सांगून पाहिले. चिरंजीवांनी ‘तरीही तीन’ असे उत्तर दिले.

बीडमधील पहिल्या एजन्सीत दराचा विषय निघण्यापूर्वी ‘पाव्हणे कोण्या गावचे’, मग ‘तिथल्या अमक्यांचे कोण’, आणि मग ‘चहा की कॉफी’ हे तीन टप्पे पार पडले. या चौकशीला वेळकाढूपणा समजणे हे शहरी अज्ञान होय. छापील दर सर्वांना एकच असला तरी नेहमीच्या हॉटेलवाल्याला त्यावर सूट मिळते, आणि सुटीचे गणित ओळखीवर बसते, हे ज्याला कळले त्याला ही चौकशी म्हणजेच कोटेशनचा पहिला परिच्छेद आहे हे कळते. यानंतर कारकुनाने व्यावसायिक जोडणीचा अर्ज पुढे करून विचारले, ‘धंदा कोणता?’ गुरुजींचा धंदा नाही, हे घर आहे, असे सांगताच त्याने सौजन्याने लाल सिलिंडरचा अर्ज काढला. परंतु १४.२ किलोचा लाल सिलिंडर केवळ घरच्या स्वयंपाकासाठी असतो, आणि २००० सालच्या एलपीजी पुरवठा व वितरण आदेशानुसार तो अन्य कामासाठी वापरणे हा गुन्हा ठरतो; म्हणजे गुरुजींच्या घरातील गॅस भाकरीपुरता घरगुती आणि दिव्यापुरता व्यावसायिक, त्यावरील वस्तू व सेवा कर अनुक्रमे ५ आणि १८ टक्के. पुष्कळ विचारान्ती व्यवसायाच्या रकान्यात ‘सेवानिवृत्त’ असे लिहिण्यात आले, आणि कारकुनाने दराखाली ‘एक तारखेपर्यंत’ अशी टीप घातली. महिना संपायला तेव्हा फार दिवस उरले नव्हते.

पालीजवळचा बिंदुसरा प्रकल्प मागे टाकून रस्ता बालाघाटाच्या डोंगररांगेत चढतो आणि घाटमाथ्यावर मांजरसुंब्याचा चौक लागतो, जिथे सोलापूरकडे, अहिल्यानगरकडे आणि केज-अंबाजोगाईकडे जाणारे सर्व प्रवासी वेगळे होण्यापूर्वी एकदा जेवून घेतात. या संपूर्ण प्रवासातील सर्वांत प्रगत तांत्रिक सल्ला कोणत्याही वितरकाकडून न मिळता येथील एका ढाब्याच्या भट्टीजवळ, शेवभाजीची वाट पाहताना मिळाला, ही गोष्ट नोंदवण्याजोगी आहे. दरपत्रकार्थीच्या हातातील कागद पाहून आचाऱ्याने विचारले, ‘इंजिन तासाला किती गॅस ओढतं?’ आणि हा प्रश्न तोवर कोणीही विचारला नव्हता.

त्याचे महत्त्व असे. सिलिंडरात गॅस द्रवरूपात असतो, आणि द्रवाची वाफ होण्यासाठी लागणारी उष्णता तो स्वतःतून, सिलिंडरच्या पत्र्यातून आणि पत्र्याबाहेरच्या हवेतून घेतो. मागणी मोठी असली की हवा पुरी पडत नाही, पत्रा गार पडतो, त्यावर आधी दव आणि मग चक्क बर्फ धरतो, आतला दाब उतरतो, आणि सिलिंडर निम्मा भरलेला असूनही ज्योत मंदावते. लग्नात हजार पानांचा भात एकाच टाकीवर चढवणाऱ्या प्रत्येक आचाऱ्याने वैशाखाच्या उन्हात हे हिमदर्शन घेतलेले असते. काही जण अशा वेळी टाकी आडवी पाडतात किंवा गरम पाण्याच्या घमेल्यात उभी करतात, आणि हे दोन्ही उपाय धोक्याचे आहेत. शहाणा आचारी दोन-तीन टाक्या एका सामाईक नळीला जोडतो, म्हणजे प्रत्येकीवर ओढ कमी पडते. अशा नळीला तंत्रज्ञ मॅनिफोल्ड म्हणतात, आणि अंगणातील एकाच सिलिंडरावर चार किलोवॅटचे इंजिन बसवून मोकळे होणारे पुष्कळ तंत्रज्ञ ती विसरतात.

शेवभाजी येईपर्यंत कागदाच्या पाठीवर हिशेबही झाला. एक किलो एलपीजीत सुमारे १२.८ युनिट इतकी उष्णता असते, लहान इंजिन तिचा फार तर चौथा हिस्सा विजेत उतरवते, म्हणजे किलोमागे तीन युनिट धरावेत. फ्रीज, पंखे, दिवे, टीव्ही आणि अधूनमधून बोअरची मोटार मिळून घराचा सरासरी भार दोन किलोवॅट धरला, आणि अर्ध्या भारावर इंजिन थोडे उधळे वागते हे लक्षात घेतले, तर तासाला पाऊण ते एक किलो गॅस, आणि १९ किलोची टाकी वीस तासांच्या आसपास. परवान्याशिवाय एका वेळी १०० किलोपर्यंतच एलपीजी साठवता येतो, असे गॅस सिलिंडर नियम सांगतात. पाच टाक्या म्हणजे ९५ किलो, सहावी आणली की प्रकरण स्फोटक पदार्थांच्या नियंत्रण कार्यालयापर्यंत, म्हणजे नागपूरपर्यंत, जाणार. टेक्सासातील १,९०० लिटरच्या टाकीचे बीडमधील रूप याप्रमाणे पाच निळ्या टाक्या असे निश्चित झाले. ढाब्याच्या बिलात या सल्ल्याचा आकार लावलेला नव्हता.

नेकनूर आणि केज या टप्प्याबद्दल विशेष सांगण्यासारखे नाही. केजमध्ये दुसरे कोटेशन मिळाले, पण ते सौर पॅनेलचे होते, कारण विक्रेत्याच्या मते गॅस मागणाऱ्या माणसाला खरे पाहता ऊन हवे असते. अंबाजोगाईस योगेश्वरीचे मंदिर आहे आणि शके १११०, म्हणजे इ. स. ११८८ मध्ये रचल्या गेलेल्या ‘विवेकसिंधू’चे कर्ते मुकुंदराज यांची समाधी आहे, पण दरपत्रकार्थीला त्या घडीला विवेकापेक्षा सुटीची अधिक गरज असल्याने तो बाजारपेठेतच थांबला. तेथील जुन्या वायरमनने मात्र सर्व कागद बाजूला सारून चेंजओव्हर कोणता लावणार, एवढेच विचारले. चेंजओव्हर म्हणजे घराला एक तर महावितरणची किंवा जनरेटरची वीज मिळेल, दोन्ही एकदम कधीही नाही, अशी व्यवस्था करणारा स्विच. तो नसल्यास जनरेटरची वीज उलट्या दिशेने रोहित्रातून खांबावर चढते आणि बंद तार समजून काम करणाऱ्या लाइनमनचा जीव घेते. या मुद्द्यावर त्या वायरमनने विनोद केला नाही, आणि येथे करण्याचे कारणही नाही.

परळी वैजनाथ हे या प्रवासातील सर्वांत विचित्र ठिकाण. येथे १९७१ पासून औष्णिक वीज तयार होते, आज येथील २५० मेगावॅटचे तीन संच राज्याच्या जाळ्याला जोडलेले आहेत, रस्त्यावर राख नेणारे हायवा, म्हणजे डंपर, धावत असतात, आणि २०१३ च्या दुष्काळात पाण्याअभावी हे केंद्र बंद ठेवावे लागले तेव्हा तहानेने वीज जाण्याचा अपूर्व प्रकार जिल्ह्याने पाहिला. केंद्राची वीज उच्च दाबाने थेट राज्याच्या जाळ्यात जाते, शेजारच्या गल्लीत नव्हे. म्हणूनच धुरांड्याच्या नजरेच्या टप्प्यातील दुकानात तिसऱ्या कोटेशनची बोलणी चालू असताना पंखा थांबला, तेव्हा विक्रेत्याने वर न पाहता मागच्या पोराला ‘जनरेटर लाव’ असे सांगितले, आणि तो डिझेलचा होता. गॅसचे काय, असे विचारता त्याने डिझेलच्याच सेटचे दरपत्रक लिहून दिले आणि खाली ‘गॅसचे नंतर बघू’ अशी तळटीप जोडली.

सिरसाळा, तेलगाव, वडवणी अशा मार्गाने प्रदक्षिणा पूर्ण करून दरपत्रकार्थी बीडला परतला तोवर एक तारीख उलटली होती, व्यावसायिक सिलिंडरचा दर बदलला होता, आणि तीन कागदांपैकी गॅसचा जो एकमेव होता तोच रद्द झाला होता. चिरंजीवांनी तक्ता पाहून पहिला प्रश्न विचारला तो असा की, यातील स्वस्त प्रोपेन कोणते. गुरुजींनी मात्र पाटीवर मांडावे तसे गणित तपासले, तासाच्या खर्चापुढे ‘महाग, पण डिझेलसारखा वास आणि आवाज नाही’ असा शेरा मारला, आणि दर जो असेल तो देऊन पाच टाक्या आणायला संमती दिली.

उरला प्रश्न जागेचा. एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने गळती झाली तर तो वर न जाता जमिनीलगत पसरतो, म्हणून टाक्या तळघरात, हौदाजवळ किंवा गटाराच्या झाकणालगत ठेवता येत नाहीत. त्यांना उघडी, हवेशीर आणि कोणत्याही ज्योतीपासून दूर असलेली जागा लागते. गुरुजींच्या घरी अशी जागा एकच, अंगणाचा पूर्वेकडचा कोपरा, आणि तिथे तुळशीवृंदावन आहे, ज्यापुढे गुरुजींच्या पत्नी, म्हणजे बाई, रोज तिन्हीसांजेला दिवा लावतात. टाक्या हलवाव्यात असे बाईंचे मत आहे, वृंदावन हलवावे असे म्हणण्याचे धैर्य गुरुजींना नाही, आणि चिरंजीवांनी या कामासाठीही तीन कोटेशने मागवली आहेत.